पिचरचा हात किती वर्षं पुरतो? बेसबॉलमधल्या कारकिर्दीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातला मुलगा १४ वर्षांचा आहे. शाळेच्या संघात आणि शिवाय एका ट्रॅव्हल संघात (स्पर्धांसाठी फिरणाऱ्या खाजगी संघात) पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा, म्हणून खेळतो, चेंडू ताशी ७४ मैलांनी टाकतो. आईवडील विचारतात की यातून व्यावसायिक कारकीर्द कशी उभी राहते, वेग वाढवण्यासाठी त्याला आत्ताच बारमाही अकादमीत घालावं का, आणि पैसा नेमका कधी दिसतो?

आधी उत्तर, मग तपशील. अकादमीत बारमाही घालू नका. बाजारात वेग विकला जातो हे खरं, पण खरा पैसा करार झाल्यावर सहा-सात वर्षांनी येतो आणि बहुतेकांचा हात त्याआधीच एकदा दगा देतो. १८ ते २१ या वयात कोपर शाबूत घेऊन पोहोचणं हेच १४ व्या वर्षीचं काम आहे.

हा खेळ क्रिकेटच्या डोळ्यांनी बघू नका, तिथेच पालकांची पहिली गल्लत होते. पिचर १० इंच उंच माउंडवरच्या, म्हणजे मातीच्या उंचवट्यावरच्या, रबर नावाच्या पट्टीला पाय लावून ६० फूट ६ इंचांवरच्या, फलंदाजाजवळच्या १७ इंच रुंद होम प्लेटवर चेंडू टाकतो. धावत येणं नाही, टप्पा नाही. चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका, आणि त्यावर १०८ दुहेरी टाके. मेजर लीगमधला, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्तरावरचा, सरासरी फास्टबॉल ताशी ९४ मैल, म्हणजे १५१ किलोमीटरच्या आसपास असतो आणि साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर पोहोचतो. क्रिकेटमध्ये कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं की चेंडू अवैध ठरतो. पिचिंगमध्ये ते जवळपास काटकोनात वाकून झटक्यात उघडतं आणि दंडाचं हाड सेकंदाला ७००० अंशांच्या वेगानं आत फिरतं. म्हणून वेगवान गोलंदाजाची कंबर जाते आणि पिचरचं कोपर.

भारतीय वाचकाला रिंकू सिंह आणि दिनेश पटेल ही नावं इथे आठवतील. उत्तर प्रदेशातले हे दोघे भालाफेकपटू. २००८ च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेतून निवडले गेले, टॉम हाउस या पिचिंग प्रशिक्षकाच्या हाताखाली काही महिने शिकले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग क्लबनं दोघांशी करार केला. दिनेशला २०१० मध्ये सोडण्यात आलं. रिंकू सिंगल-ए या मेजर लीगच्या बऱ्याच खालच्या पातळीपर्यंत चढला, मग दुखापती आणि कोपराची शस्त्रक्रिया. पुढे तो कुस्तीच्या मनोरंजन उद्योगात गेला. भाला फेकणारा हात वेग पटकन पकडतो. पण फलंदाजाला फसवणं, धावपटू पहिल्या बेसवर असताना वेळ साधणं, थकल्यावरही चेंडू प्लेटच्या कडेला ठेवणं यासाठी लहानपणापासूनचे हजारो चेंडू लागतात. तुमच्या मुलाकडे ते आहेत, ही त्याची जमेची बाजू.

आता हाताची यंत्रणा, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. पुढचा पाय टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत सुमारे १५० मिलिसेकंद लागतात. फोनवर २४० फ्रेमच्या गतीनं चित्रण केलंत तर या काळाच्या ३६ चौकटी मिळतात, आणि घरबसल्या तेवढ्या पुरतात. पुढचा पाय टेकतो ती चौकट थांबवा. उजव्या हाताच्या पिचरचं कोपर तेव्हा खांद्याच्या पातळीला हवं, चेंडू वर आलेला हवा, कंबर प्लेटकडे वळायला लागलेली हवी, पण छाती मात्र अजून तिसऱ्या बेसकडे (प्लेटकडे तोंड केल्यावर उजवीकडे). कंबर आधी आणि खांदे मागून, या अंतरातच वेग असतो. छाती आधीच उघडली तर पायांची ताकद वाया जाते, हात मागे राहतो आणि उरलेलं काम कोपर आणि खांदा ओढून करतात. याची खूण म्हणजे चेंडू वर आणि उजव्या फलंदाजाच्या अंगावर जायला लागतो. प्रशिक्षक ओरडतो, ‘खाली टाक!’ मुलगा मनगट दाबून खाली टाकतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

पावलाची लांबी उंचीच्या ८० ते ९० टक्के असावी. ५ फूट ८ इंचांच्या मुलासाठी ती साधारण १४० ते १५५ सेंटिमीटर होते. माउंडवर टेकलेल्या पायाचा ठसा उमटतोच, टेपनं मोजा. रबरपासून प्लेटकडे सरळ रेघ ओढा. ठसा रेघेच्या बराच उजवीकडे पडत असेल तर मुलगा स्वतःच्याच अंगाच्या आडवा टाकतोय. चेंडू सुटल्यावर हात विरुद्ध मांडीपर्यंत खाली आला पाहिजे. तो मध्येच थांबत असेल तर ब्रेक लावण्याचं सगळं ओझं खांद्याच्या मागच्या लहान स्नायूंवर पडतं. व्यायामात सगळे छाती आणि दंड बनवतात, पण पिचरला पाठीचे, खांद्यामागचे आणि कुल्ल्यांचे स्नायू लागतात.

चेंडू किती टाकायचे याला अंदाज नाही, आकडे आहेत. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या ‘पिच स्मार्ट’ नियमावलीत १३-१४ वर्षांसाठी दिवसाला कमाल ९५ पिच, म्हणजे टाकलेले चेंडू, आहेत. २० पर्यंत टाकले तर विश्रांती नाही, २१ ते ३५ ला एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ च्या पुढे चार दिवस. वर्षात सगळ्या संघांचे मिळून १०० पेक्षा जास्त इनिंग (एक इनिंग म्हणजे तीन बाद) नकोत. चार महिने पिचिंग बंद, त्यातले सलग दोन-तीन महिने खांद्यावरून फेकणंच बंद. बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटनं दहा वर्षं मुलांचा पाठपुरावा केला तेव्हा वर्षाला १०० हून जास्त इनिंग टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट निघाला.

गोची अशी की शाळेचा प्रशिक्षक शाळेतले चेंडू मोजतो आणि ट्रॅव्हल संघाचा त्याचे. दोन्हींची बेरीज कोणीच करत नाही. ती वही आईवडिलांनी ठेवायची: तारीख, संघ, पिच, इनिंग, पुढची मोकळी तारीख. शनिवारी ६० पिच टाकून रविवारी ‘फक्त एक इनिंग’ मागितली गेली तर सरळ नाही म्हणा, वाईटपणा आला तरी. शिवाय पिचिंग करून त्याच दिवशी कॅचर, म्हणजे प्लेटमागे चेंडू झेलणारा, म्हणून बसवणं हे सर्वांत वाईट, कारण कॅचरही प्रत्येक चेंडू परत फेकतो आणि तो कुणाच्याच मोजणीत येत नाही. या वयात कोपराच्या आतल्या टोकाची वाढपट्टी अजून जुळलेली नसते. अस्थिबंधाच्या आधी तीच ताणली जाते. आतल्या बाजूला दाबल्यावर दुखत असेल तर बर्फ आणि गोळी देऊन पुढच्या सामन्याला उभं करू नका. एक्स-रे आणि सक्तीची विश्रांती, बहुतेक वेळा तेवढ्यानं बरं होतं.

दुखण्याआधीच्या खुणाही असतात: वेग दोन-तीन मैलांनी उतरणं, लागोपाठ चेंडू वर जाणं, दोन चेंडूंमध्ये जास्त वेळ घेणं, कोपर खांद्याखाली घसरणं. करंगळी आणि अनामिकेत मुंग्या येत असतील तर अल्नर नर्व्ह, म्हणजे कोपरातून जाणारी नस, दबतेय. तेव्हा थेट डॉक्टर.

कोणते चेंडू शिकवावेत? १४ व्या वर्षी दोनच: फोर-सीम फास्टबॉल आणि चेंजअप. फोर-सीमला तर्जनी आणि मधलं बोट नालेच्या आकाराच्या शिवणीवर आडवी, अंगठा बरोबर खाली, चेंडू आणि तळवा यांत थोडी फट. चेंजअपला चेंडू तळव्यात खोल धरायचा, तर्जनी आणि अंगठा यांचं बाजूला कडं करायचं आणि हात अगदी फास्टबॉलच्याच वेगानं फिरवायचा. चेंडू आठ-दहा मैलांनी मंद निघाला पाहिजे. मुलं इथे हातच मंद करतात आणि फलंदाजाला ते लगेच कळतं. वळणारा कर्व्हबॉल या दोन्हींवर हुकमत आल्यावर, स्लायडर त्याहून उशिरा. स्वीपर, कटर, स्प्लिटर या चेंडूंची भाषा कॉलेजात. रॅप्सोडोसारखी यंत्रं दर मिनिटाला किती फिरकी हे दाखवतात आणि मुलांना त्या आकड्याचं वेड लागतं. मेजर लीगमध्ये फोर-सीमची सरासरी २३०० च्या आसपास आहे. चौदाव्या वर्षी हा आकडा पाहून करायचं काहीच नसतं, पैसे वाचवा.

आता मार्ग. न्यू जर्सीतला मुलगा व्यावसायिक होतो तो जुलैमधल्या ड्राफ्टमधून, म्हणजे क्लब आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यातून. २०२१ पासून त्यात २० फेऱ्या असतात. शाळा संपल्यावर पात्रता मिळते. चार वर्षांच्या कॉलेजात गेलात तर तिसरं वर्ष संपल्यावर किंवा २१ पूर्ण झाल्यावर. दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजातून कोणत्याही वर्षी. करार करताना मिळणारा बोनस पहिल्या फेरीत लाखो डॉलर असतो. पिट्सबर्गनं २०२३ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा पिचर पॉल स्कीन्सला पहिल्या क्रमांकावर घेऊन ९२ लाख डॉलर दिले आणि दहा महिन्यांत तो मेजर लीगमध्ये उभा होता. हे उदाहरण सगळे देतात, म्हणून मी दुसरं देतो.

जेकब डिग्रॉम फ्लोरिडातल्या स्टेट्सन विद्यापीठात शॉर्टस्टॉप, म्हणजे क्षेत्ररक्षक, म्हणून खेळायचा, पिचिंग तिसऱ्या वर्षी सुरू केलं. २०१० मध्ये न्यूयॉर्क मेट्सनं नवव्या फेरीत, २७२ व्या क्रमांकावर घेतला, बोनस ९५ हजार डॉलर. त्याच वर्षी कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि २०११ चा हंगाम पूर्ण गेला. मेजर लीगमधलं पदार्पण मे २०१४ मध्ये, वयाची २६ वर्षं पूर्ण व्हायच्या उंबरठ्यावर. त्या वर्षी नवोदिताचा पुरस्कार मिळाला, तरी पगार किमानच्या आसपास. पहिला मोठा पगार, ४० लाखांहून थोडा जास्त, २०१७ मध्ये. म्हणजे ड्राफ्टनंतर सात वर्षं. २०१८ आणि २०१९ मध्ये साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा, पुरस्कार. २०१८ मध्ये त्याची धावांची सरासरी (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) १.७० होती आणि विजय-पराजय १०-९, ‘विजय’ हा आकडा पिचरबद्दल किती कमी सांगतो हे त्यावरून दिसतं. वयाच्या ३३ व्या वर्षी त्याचा सरासरी फास्टबॉल ९९ मैलांवर गेला. त्याच हंगामाचा उत्तरार्ध कोपरानं बुडवला, पुढच्या वर्षी खांद्याच्या हाडानं निम्मं खाल्लं. टेक्सास रेंजर्स क्लबनं पाच वर्षांसाठी १८ कोटी ५० लाख डॉलरचा करार केल्यावर सहा महिन्यांत दुसरी शस्त्रक्रिया. २०२५ मध्ये तो पुन्हा पूर्ण हंगाम टिकला. वेग, पैसा आणि कोपर यांचं गणित एका माणसात यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

मधली पायरी म्हणजे मायनर लीग. खालून वर: रुकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. २०२३ च्या पहिल्या कामगार करारानं वार्षिक पगार ठरवले: रुकीला १९,८००, सिंगल-ए २६,२००, हाय-ए २७,३००, डबल-ए ३०,२५०, ट्रिपल-ए ३५,८०० डॉलर. राहण्याची सोय क्लब करतो. न्यू जर्सीत एवढ्यात संसार होत नाही हे सांगायला नको. म्हणून शाळा संपताच करार करायचा की कॉलेजात जायचं, याचा निर्णय बोनसच्या आकड्यावर घ्यावा. पहिल्या तीन फेऱ्यांतली रक्कम नसेल तर माझं मत कॉलेजच्या बाजूनं आहे. आणि शाळेतून करार केलाच तर कॉलेजचा खर्च क्लब देईल हे कलम आकड्यासकट लिहून घ्या. खेळ सुटल्यावर दोन वर्षांत शिक्षण सुरू केलं नाही तर तो हक्क जातो. डिव्हिजन वनचे, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वोच्च गटाचे, प्रशिक्षक अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपूर्वी मुलाशी भरतीबद्दल बोलू शकत नाहीत. त्यामुळे नववी-दहावीत महागड्या शोकेसला, म्हणजे प्रशिक्षकांना खेळ दाखवायच्या मेळाव्याला, गाडी पळवायची घाई नाही.

वरच्या स्तरावरचे नियम पालकांना सहसा माहीत नसतात, पण कारकिर्दीची लांबी तिथेच ठरते. क्लबकडे ४० जणांची यादी असते, त्यातले २६ सक्रिय आणि त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. यादीतल्या खेळाडूला तीन हंगाम खाली-वर करता येतं, एका हंगामात कमाल पाच वेळा खाली. याला ऑप्शन म्हणतात. ते संपले की क्लबला त्याला ठेवावं लागतं किंवा इतर क्लबांपुढे मोकळं करावं लागतं. शेवटच्या फळीतल्या रिलीव्हरला, म्हणजे बदली पिचरला, ऑप्शन शिल्लक असणं शापासारखं: काल दोन इनिंग टाकल्या, आज हात थकलेला, म्हणून खाली रवानगी आणि वर ताजा हात. मेजर लीगमधले १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष. तीन वर्षं होईपर्यंत क्लब देईल तो पगार, २०२६ मध्ये किमान ७,८०,००० डॉलर. मग पगार ठरवायला लवाद. सहा वर्षांनंतर मोकळा बाजार. निवृत्तिवेतनाचा किमान हक्क मात्र ४३ दिवसांत लागतो, आणि काही पिचरांच्या अख्ख्या कारकिर्दीची कमाई तेवढीच असते.

स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, की रिलीव्हर हा प्रश्न बहुतेकदा किती प्रकारचे चेंडू येतात त्यावर सुटतो. एकाच सामन्यात तीच फलंदाजी तिसऱ्यांदा समोर येते तेव्हा दोनच प्रकारचे चेंडू असलेला पिचर उघडा पडतो, म्हणून त्याला बुलपेनमध्ये, म्हणजे रिलीव्हरांच्या फळीत, हलवतात. तिथे कमाई कमी, आयुष्य बेभरवशाचं. मारियानो रिव्हेरानं एका कटरवर ६५२ सेव्ह केल्या, म्हणजे तितक्या वेळा संघाची आघाडी शेवटपर्यंत राखली, हा अपवादच.

स्टार्टर पाच जणांच्या फेरीत साधारण चार दिवसांच्या विश्रांतीनं उतरतो, १६२ सामन्यांत ३० ते ३३ वेळा. सामन्यात ८५ ते १०० पिच. दुसऱ्या दिवशी हलकं पळणं आणि पायांचं वजन, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सरावाच्या माउंडवर २० ते ३५ चेंडू, मग व्हिडिओवर समोरचे फलंदाज, आदल्या दिवशी अगदी हलकी फेकाफेक. २०२३ पासून चेंडू टाकायला घड्याळही आहे: बेस रिकामे असतील तर १५ सेकंद, धावपटू असेल तर सुरुवातीला २० आणि २०२४ पासून १८. हंगाम संपल्यावर किमान महिना-दीड महिना चेंडूला हात नाही, जानेवारीत माउंड, फेब्रुवारीच्या मध्याला फ्लोरिडा किंवा ॲरिझोनात हजेरी.

टॉमी जॉन शस्त्रक्रियेबद्दल एक गैरसमज शाळांत पसरलेला आहे की ती केल्यानं वेग वाढतो. तसं होत नाही. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्स क्लबचा पिचर टॉमी जॉन याच्या कोपरावर ती पहिल्यांदा केली. मनगटाजवळचा किंवा मांडीचा स्नायुबंध काढून कोपराच्या हाडांतल्या छिद्रांतून ओवतात. साडेचार-पाच महिन्यांनी हलकी फेक, नवव्या महिन्याच्या आसपास माउंड, सामना १२ ते १८ महिन्यांनी. वेग वाढल्यासारखा वाटतो तो वर्षभर पाय आणि पाठ बनवल्यामुळे, आणि ते काम शस्त्रक्रियेविनाही करता येतं. जॉन स्वतः परतला आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ त्यानंतरचे आहेत, पण त्याची भिस्त ताकदीवर नव्हती, तो चेंडू खाली ठेवणारा डावखुरा होता.

शेवटी कागदपत्रं, कारण मराठी घरांत हा अडथळा हमखास निघतो आणि तोही उशिरा. ड्राफ्टसाठी नागरिकत्व लागत नाही, अमेरिकेत शिकणं पुरतं. पण मुलगा एच-४ (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) वर असेल तर त्याला पगार घेता येत नाही आणि २१ पूर्ण होताच तो दर्जा संपतो. करार झाला तर क्लब पी-१ या खेळाडूंच्या व्हिसासाठी अर्ज करतो. २००६ च्या कायद्यापासून मायनर लीगच्या खेळाडूंनाही तो मिळतो. कॉलेजात एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना शिष्यवृत्ती चालते, मात्र स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेतले तर व्हिसा धोक्यात येऊ शकतो, आणि संघसोबती बिनधास्त घेत असतात. ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर मुलाच्या २१ व्या वाढदिवसाची तारीख आजच इमिग्रेशन वकिलापुढे ठेवा, तिसऱ्या वर्षानंतरचा ड्राफ्ट नेमका त्याच सुमारास येतो.